फुलांच्या दरीला जायचे, तर केदारनाथ या खेपेस नको

प्रश्न : आम्ही खानापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. यजमान बेळगावात उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहेत. सासरे ७१ वर्षांचे असून अजून शेती पाहतात. मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुलगा नववीत. उत्तराखंडातील व्हॅली ऑफ फ्लॉवर्स पाहावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. ते कानावर येताच सासऱ्यांनी बद्रीनाथाचे दर्शन घडवा म्हणून सांगितले. पुण्याचे धाकटे दीरही सहकुटुंब येणार आहेत. त्यांनी हरिद्वार, केदारनाथ, बद्रीनाथ, फुलांची दरी आणि हेमकुंड असा आठ दिवसांचा आराखडा पाठवला आहे. एवढ्या लांब जायचेच तर सगळे एकदम उरकू, असे त्यांचे म्हणणे. सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. मला ऑगस्टमध्ये रजा मिळणे अवघड, म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत जावे असेही घरात चालले आहे. दिरांचे मन न मोडता हा प्रवास नीट कसा आखावा?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन माणसांच्या तीन इच्छा आहेत आणि तिन्ही मनापासूनच्या आहेत. परंतु त्या तिन्ही एका खेपेत बसत नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगतो. तुमची फुले आणि सासऱ्यांचे बद्रीनाथ ही दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत. दरीची पायवाट जिथून फुटते त्या गोविंदघाटापासून बद्रीनाथ अवघे पंचवीस किलोमीटर आहे, त्यामुळे ही दोन सुखाने एकत्र होतील. केदारनाथ मात्र वेगळ्या खोऱ्यात आहे, त्यासाठी वेगळी खेप करावी. आठ दिवस तर दरी आणि बद्रीनाथ एवढ्यालाही पुरणार नाहीत. फुले पाहायची असतील तर दसऱ्याच्या सुट्टीचा विचारही सोडून द्यावा. या सगळ्याची कारणे सविस्तर लिहितो, कारण दिरांपुढे नुसता नकार ठेवण्यापेक्षा कारणे ठेवली तर त्यांनाही ती पटतील.

आधी तारखेचे पाहू, कारण बाकी सगळे तिच्यावर अवलंबून आहे. फुलांची दरी हे चमोली जिल्ह्यातील राष्ट्रीय उद्यान दरवर्षी १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. उघडे आहे म्हणजे फुललेले आहे, असा समज करून अनेक मंडळी जातात आणि हिरमुसून परततात. जूनमध्ये ओढ्यांच्या घळींतून हिमाचे पट्टे अजून वितळत असतात आणि फुलांची नुकती सुरुवात झालेली असते. दरी खरी भरते ती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्यानंतरही काही दिवस रंग टिकतो. सप्टेंबरमध्ये झाडे बियांवर येतात, पाने तांबूस होऊ लागतात. ऑक्टोबरात आकाश निरभ्र असते आणि हिमशिखरे अगदी स्वच्छ दिसतात, पण फुले संपलेली असतात. हेमकुंड साहिब हे शिखांचे तीर्थही बहुधा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंद होते. तेव्हा दसऱ्याच्या सुट्टीत गेलात तर तुम्हाला उत्तम हिमालय दिसेल आणि सासऱ्यांना बद्रीनाथही घडेल, कारण ते मंदिर नोव्हेंबरपर्यंत उघडे असते. मात्र ज्या एका गोष्टीसाठी तुम्ही इतकी वर्षे थांबलात, तीच नेमकी राहून जाईल.

ऑगस्ट तुमच्या घराला दुसऱ्याही अर्थाने सोयीचा आहे. खानापूर भागातील रोप लावणी तोवर आटोपलेली असते आणि गणपतीची गडबड सुरू झालेली नसते, म्हणजे सासऱ्यांच्या जिवाला शेताची काळजी राहणार नाही. एक गोष्ट मात्र दिनदर्शिकेत जरूर पाहा. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो. त्या पंधरवड्यात कावड यात्रा चालते. लाखो कावडिये हरिद्वारहून गंगाजल घेऊन पायी परततात, दिल्ली ते हरिद्वार रस्त्यावरची वाहतूक ठिकठिकाणी वळवली जाते आणि एरवी काही तासांत होणारा प्रवास किती वेळ घेईल याचा नेम राहत नाही. ही यात्रा आपल्या आषाढ वद्य चतुर्दशीला, म्हणजे दिव्यांच्या अवसेच्या आदल्या दिवशी, संपते. आपला श्रावण सुरू झाल्यावर घर सोडावे, एवढे लक्षात ठेवले की हा अडथळा टळतो. अधिक मास आलेल्या वर्षी श्रावण ऑगस्टच्या मध्याकडे सरकतो; तशा वर्षी श्रावण लागताच निघावे, पुढे ढकलू नये.

रजेचा प्रश्न खरा आहे आणि तो मी हलका लेखत नाही. शाळा जूनच्या आरंभी भरू लागते, तेव्हाच मुख्याध्यापकांना तारखा सांगून ठेवाव्यात, आपल्या वर्गाची सोय कोण पाहील हे स्वतःच ठरवून मग रजा मागावी आणि १५ ऑगस्टच्या आगेमागे येणाऱ्या सुट्ट्या जमेस धराव्यात. नववीतल्या मुलाचे दहा-बारा दिवस बुडतील, ते दहावीतले बुडण्यापेक्षा बरे. इतके करूनही यंदा रजा मिळाली नाही, तर माझे मत असे की दसऱ्याला सासऱ्यांची बद्रीनाथ यात्रा करावी, तिला यात्राच म्हणावे, आणि फुलांसाठी पुढच्या वर्षाची रजा आतापासून मनात धरावी. एका सहलीला दोन नावे दिली की दोन्हींबद्दल रुखरुख राहते.

आता दिरांच्या आठ दिवसांकडे वळू. आपल्याकडून जाणाऱ्या माणसाच्या हिशेबात एक चूक हमखास होते. तो ऋषिकेशपासून दिवस मोजतो आणि बेळगाव ते ऋषिकेश विसरतो. वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे अशी जाते. तुम्ही बेळगावला चढा आणि दीर पुण्याला चढतील, ही चांगली सोय आहे. पण दिल्ली गाठायला गाडीत दोन रात्री जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी उतरून संध्याकाळपर्यंत ऋषिकेश. चौथा दिवस ऋषिकेश ते जोशीमठ या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या घाटरस्त्याचा; त्याला नऊ-दहा तास लागतात, आणि रात्री डोंगरी मार्गावर वाहने सोडत नसल्याने पहाटे निघण्याला पर्याय नाही. पाचव्या दिवशी बद्रीनाथ. सहाव्या दिवशी गोविंदघाट, तिथून जीपने चार किलोमीटरवरील पुलना आणि पुढे नऊ-दहा किलोमीटर चढून घांगरिया हे दरीच्या अलीकडचे मुक्कामाचे गाव. सातवा दिवस दरीत. आठवा दिवस दुसऱ्यांदा दरीत किंवा हेमकुंडाला. नवव्या दिवशी खाली जोशीमठ, दहाव्या दिवशी ऋषिकेश, आणि त्यापुढे घराकडचा तीन दिवसांचा प्रवास. यात मी दोन मोकळे दिवस आणखी घालतो, म्हणजे रेल्वेने जाऊन-येऊन पंधरा दिवस होतात. विमानाने गेल्यास ते अकरा-बारावर येतात. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून थेट दिल्लीची सेवा त्या काळात आहे का ते पाहावे, नसल्यास गोव्याहून किंवा बंगळूरहून जावे. रजा अगदीच तोकडी असेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान, असा मधला मार्ग काढता येईल.

ते दोन मोकळे दिवस पाहून दीर म्हणतील, ते कशाला? यावर मी ठाम आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ऋषिकेशपासून बद्रीनाथपर्यंतचा रस्ता जवळजवळ सगळा आधी गंगेच्या आणि देवप्रयागपासून अलकनंदेच्या काठाने, उभ्या डोंगराला कापून काढलेला आहे. हिमालय वयाने तरुण आणि ठिसूळ डोंगर आहे. पावसाचे पाणी मुरले की कापलेली दरड सैल होते आणि माती, दगड, कधी झाडांसकट रस्त्यावर येते. फुलांचे दिवस आणि दरडींचे दिवस तेच, आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. यंत्रे राडारोडा बाजूला काढतात, बहुतेक वेळा काही तासांत रस्ता मोकळा होतो, पण एखाद्या ठिकाणी दिवस-दीड दिवसही जातो. अशा वेळी ज्याच्या हातात मोकळा दिवस असतो तो पिपलकोटीत किंवा जोशीमठात चहा घेत थांबतो. ज्याचे परतीचे आरक्षण दुसऱ्या दिवशीचे असते तो चालकाला घाई करतो, आणि घाटात चालकाला घाई करण्यासारखे वाईट काही नाही. जून २०१३ च्या महापुरात केदारनाथाची हानी सर्वांना ठाऊक आहे; त्याच दिवसांत गोविंदघाटाचेही मोठे नुकसान झाले आणि घांगरियाची वाट व पूल वाहून गेले. म्हणून निघण्याच्या आधीपासून हवामान खात्याचे चमोली जिल्ह्याचे इशारे रोज पाहावेत आणि प्रशासनाने वाट बंद केली तर हुज्जत न घालता थांबावे. मोकळे दिवस वापरावे लागले नाहीत तर ऋषिकेशला गंगेच्या काठी निवांत बसावे. ते वाया गेले असे घरात कुणी म्हणणार नाही.

याच हिशेबात केदारनाथ बसत नाही. रुद्रप्रयागला अलकनंदा आणि मंदाकिनी एकत्र येतात. बद्रीनाथाचा रस्ता अलकनंदेने वर जातो, केदारनाथाचा मंदाकिनीने. एका खोऱ्यातून उतरून दुसऱ्यात चढायचे, गौरीकुंडाहून सोळा-अठरा किलोमीटर चढून साडेतीन हजार मीटरवर पोहोचायचे आणि परत यायचे, याला घाईने केले तरी तीन दिवस लागतात. ते आठांत कोंबले की दरीच्या वाट्याला एक ओला, थकलेला दिवस उरतो, आणि त्या दिवशी नेमका धो-धो पाऊस असला तर संपूर्ण प्रवासाचा हेतूच हुकतो. केदारनाथ हे स्वतंत्र संकल्प करून जाण्याचे क्षेत्र आहे. ते ‘जाता जाता’ करू नये, असे मला मनापासून वाटते.

सासऱ्यांचे काय करावे, हा तुमच्या पत्रातला सर्वांत नाजूक भाग आहे. ७१ व्या वर्षी शेतात राबणारा माणूस काटक असतो, यात शंका नाही. परंतु उंचीचा त्रास काटकपणा पाहून येत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, जोशीमठ एकोणीसशेच्या आसपास, बद्रीनाथ एकतीसशे मीटर आणि घांगरियाही त्याच सुमाराचे. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि डोके दुखणे, मळमळणे, झोप न लागणे, भूक मरणे अशा तक्रारी सुरू होऊ शकतात. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना प्रवासाचा पूर्ण आराखडा उंचीसकट दाखवावा, ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्यावा, आणि गोळ्यांच्या मात्रेत काही बदल हवा का हे त्यांनाच ठरवू द्यावे. उंचीवर चालणाऱ्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत.

डॉक्टरांनी होकार दिला तर बद्रीनाथ त्यांच्यासाठी उत्तम आहे, कारण वाहन मंदिराच्या बऱ्याच जवळ जाते. आदली रात्र जोशीमठात काढावी, म्हणजे शरीराला एक पायरी मिळते. बद्रीनाथला मंदिराच्या पायथ्याशी तप्तकुंड आहे. बाहेरच्या बोचऱ्या थंडीतून त्या कढत पाण्यात एकदम उतरणे रक्तदाब असलेल्या माणसाला झेपेलच असे नाही, म्हणून त्यांना तांब्याने पाणी अंगावर घेऊ द्यावे आणि कुणीतरी सतत बरोबर असावे. दर्शनानंतर शक्य तर जोशीमठालाच मुक्कामाला उतरावे. पुढचे तीन दिवस तुम्ही, मुले आणि दिरांचे कुटुंब वर जाल, तेव्हा सासऱ्यांनी आणि तुमच्या यजमानांनी जोशीमठात राहावे, असे मी सुचवतो. तिथे नृसिंहाचे प्राचीन मंदिर आहे, शंकराचार्यांचा मठ आहे. त्यांचा वेळ भक्तीत चांगला जाईल. गोविंदघाटाहून घांगरियापर्यंत हंगामात हेलिकॉप्टर असते आणि त्यांना त्यातून नेऊ असे कुणीतरी सुचवेल. धुके उतरले की ती सेवा थांबते, आणि काही मिनिटांत हजार-बाराशे मीटर वर नेऊन ठेवणे त्यांच्या वयाला बरे नाही. शिवाय दरीत खेचरांना आत सोडत नाहीत. पाठीवर माणूस वाहून नेणारे कंडीवाले असतात, पण त्यांच्या टोपलीत बसणे तुमच्या सासऱ्यांच्या स्वाभिमानाला रुचेल असे मला वाटत नाही. यजमानांशी मात्र हे आधी मोकळेपणाने बोला. त्यांनाही दरी पाहायची असेल तर दीर आणि ते आळीपाळीने एकेक दिवस खाली थांबू शकणार नाहीत, कारण वाट लांबची आहे. तेव्हा हा निर्णय घरीच, निघण्याआधी व्हायला हवा.

चालण्याच्या तयारीबद्दल तुमच्या मुलांना कमी सांगावे लागेल, तुम्हाला आणि दिरांना जास्त. निघण्याआधी दोन महिने रोज तासभर चालावे आणि आठवड्यातून एकदा पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन चढ चढावा. येळ्ळूरचा राजहंसगड जवळ आहे; वर गाडी जाते, पण तुम्ही पायी जा, आणि पाऊस असेल त्या दिवशी मुद्दाम जा. जे बूट तिकडे घालायचे ते इथेच रुळवून घ्यावेत. नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाच सोलली, तर दरीपर्यंतची वाट नकोशी होते.

पावसाबद्दल आपल्या भागातील माणसाला काही शिकवायला जाणे मला संकोचाचे वाटते. जांबोटी, कणकुंबीचा पाऊस पाहिलेल्यांना पाऊस म्हणजे काय हे माहीत आहे. तरीही एक फरक आहे. आपला पाऊस कितीही कोसळला तरी उबदार असतो. घोंगड्याची खोळ पांघरून दिवसभर शेतात वाकून लावणी केली तरी घरी येऊन अंग पुसले की भागते. घांगरियाच्या वरचा पाऊस बहुधा रिमझिम असतो, पण तो थंड असतो आणि त्याच्या जोडीला वारा असतो. सुती कपडा एकदा भिजला की तो दिवसभर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेत राहतो. अशा वेळी माणूस थरथरू लागतो, बोलणे अडखळते, त्याला बसून राहावेसे वाटते, आणि हे लक्षण थकव्याचे समजून दुर्लक्ष होते. ते थकव्याचे नसून शरीर थंड पडत असल्याचे असते. ओले कपडे ताबडतोब बदलून, अंग गरम करून, कोमट गोड पाणी पाजावे आणि खाली उतरावे. म्हणून आतला कपडा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा, वर लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर आणि सर्वांत वर गुडघ्यापर्यंतचा चांगला रेनकोट अथवा पोंचो असावा. जीन्स घरीच ठेवाव्यात. कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि दोन मोजे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकच्या तळाशी ठेवावेत आणि कुणी असे गारठले नाही तर मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्यांना हात लावू नये. साडी नेसून वर जाणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्या जिद्दीला नमस्कार. पण तुम्ही सलवार किंवा ट्राउझर घालावी.

आता दरीविषयी. घांगरियाहून सकाळी सातला आत सोडायला सुरुवात होते, दुपारनंतर सोडत नाहीत, आणि संध्याकाळी पाचच्या आत प्रत्येकाने परतायचे असते. आत मुक्काम नाही, तंबू नाही, खाण्याचे दुकान नाही. पहिल्या तासात आत शिरावे, कारण धुके बहुधा दुपारकडे दाटते. नाक्यावर शुल्क भरून पुढे गेल्यावर वाट पुष्पावती नदीचा पूल ओलांडते आणि दगडी फरसबंदीची उभी चढण लागते. दोन्ही बाजूंना भूर्जाची झाडे असतात, त्यांची साल कागदासारखी सुटलेली दिसते. ती कुणी सोलू नये, मुलांना आधीच सांगा. साधारण तीन किलोमीटर चालल्यावर झाडी संपते आणि दरी एकदम उघडते. बहुतेक लोक तिथेच फोटो काढून, डबा खाऊन परत फिरतात. तुम्ही तसे करू नका. आणखी तासभर सपाटीने आत चालत जा. गर्दी मागे राहते आणि वाट कमरेएवढ्या फुलोऱ्यातून जाऊ लागते.

त्या फुलोऱ्यात गुलाबी रंगाची जी मोठी शेते पसरलेली दिसतील, तो हिमालयातला तेरडा आहे. आपण गौरीच्या दिवशी जो तेरडा घरात आणतो, त्याच कुळातला, पण माणसाच्या छातीपर्यंत वाढणारा. फूल हातात न तोडता जवळून पाहावे. आपल्या तेरड्याप्रमाणेच मागे देठाकडे वळलेली छोटी नळी असते, आणि हंगाम पुढे सरकला असेल तर हिरव्या शेंगेला बोट लागताच ती फटकन उकलून बिया उडवते. मुलांना हे दाखवण्याची संधी तुमच्यासारख्या शिक्षिकेने सोडू नये. निळी पॉपी शोधायला मात्र धीर लागतो. ती खडकांच्या आडोशाने एकटी-दुकटी उभी असते आणि तिच्या देठावर बारीक काटे असतात. पुढे आत जोन मार्गारेट लेग या वनस्पतिअभ्यासक बाईंची समाधी आहे. फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सोबती १९३१ साली कामेट शिखर चढून परतताना या दरीत उतरले आणि त्यांच्या लेखनामुळे ती जगाला कळली. लेग बाई त्यानंतर १९३९ मध्ये इथली फुले गोळा करायला आल्या आणि कड्यावरून घसरून इथेच वारल्या. १९८२ मध्ये दरीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, तेव्हा तिथली गुरे-मेंढ्यांची चराई थांबली. २००५ मध्ये नंदादेवी उद्यानाबरोबर तिची जागतिक वारशात गणना झाली. सुमारे साडेसत्त्याऐंशी चौरस किलोमीटरच्या या उद्यानातील थोडाच भाग आपल्या पायांखाली येतो, आणि वाट सोडून फोटोसाठी गवतात शिरल्याने जे चिरडले जाते त्याला पुन्हा उगवायला एकच छोटा उन्हाळा मिळतो. म्हणून वाट सोडू नये, आणि बिस्किटाच्या कागदापर्यंत सगळा कचरा परत खाली आणावा.

दुसरा दिवस दरीला द्यावा की हेमकुंडाला, हे त्या सकाळच्या हवेवर सोडा. पहिल्या दिवशी पावसाने काहीच दिसले नसेल तर दरीत पुन्हा जा. हेमकुंडासाठी फुलांचा दिवस सोडू नका. हवा चांगली असेल आणि कुणाचे डोके दुखत नसेल, तर हेमकुंड जरूर करावे. वाट सहा किलोमीटरचीच, पण चढ फार तिखट असून शेवट चार हजार मीटरच्या बराच वर आहे. तिथे खेचरे मिळतात. सरोवर, शिखांचे गुरुद्वार आणि शेजारी लक्ष्मणाचे मंदिर आहे, लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळतो, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात शेवटच्या टप्प्यावर खडकांत ब्रह्मकमळे दिसतात. वर मुक्काम करता येत नाही, दुपारी लवकर उतरायला लागावे. ज्याला त्रास होत असेल त्याने घांगरियातच थांबावे आणि त्याच्याजवळ एकाने थांबावे, हा नियम निघण्याआधीच सर्वांना मान्य असावा.

बद्रीनाथ आणि हेमकुंडासाठी उत्तराखंड शासनाच्या चारधाम संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंदणी करावी लागते. आधार कार्ड हाताशी ठेवून ती घरूनच करून घ्यावी. घांगरियात फोन आणि एटीएमवर विसंबू नये, रोख रक्कम जोशीमठापर्यंतच काढून ठेवावी. खेचर किंवा हमाल घेतल्यास दर आधी पक्का करावा आणि मग घासाघीस करू नये, कारण त्या लोकांचे वर्षाचे उत्पन्न या चार-पाच महिन्यांतच होते.

दिरांशी बोलण्याचे काम मात्र तुम्ही एकट्याने अंगावर घेऊ नका. वहिनीने आराखडा खोडला असे व्हायला नको. सासऱ्यांच्या प्रकृतीचे डॉक्टर काय म्हणाले, हे यजमानांनी आपल्या भावाला फोनवर सांगावे, आणि त्याच बोलण्यात केदारनाथाची खेप कधी करायची तेही ठरवावे, म्हणजे त्यांची इच्छा मोडली असे न होता ती पुढे सरकली असे होईल. मे महिन्यात त्यांच्या मुलांना सुट्टी असते आणि केदारनाथ तेव्हा उघडलेले असते. त्या यात्रेचा आराखडा दिरांनीच करावा आणि सर्वांनी तो मान्य करावा. या खेपेलाही गाडी ठरवणे, नोंदणी करणे, मुक्काम पाहणे ही कामे त्यांच्याकडे सोपवा. ज्याने उत्साहाने एवढा आराखडा आखला त्याच्या हातून सगळे काढून घेणे बरे नाही.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडते आणि गोवा एक्स्प्रेसच्या श्रावणातल्या जागा फार काळ उरत नाहीत. जायचे तिकीट ठरलेल्या तारखेचे काढा आणि परतीचे काढताना ते दोन मोकळे दिवस धरून पुढच्या तारखेचे काढा. दोन्ही वेळी सासऱ्यांसाठी ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मागायला विसरू नका.